मधलं मडकं आधी: सजीवांच्या उतरंडीची पार्श्वभूमी

जीवशास्त्राचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांतच एक उतरंड मांडलेली असते. रेणूंची पेशी, पेशींची ऊती, ऊतींचे अवयव, अवयवांची संस्था आणि अशा संस्था मिळून एक सजीव. त्याच्याही वर समुदाय आणि परिसंस्था. वाचताना वाटतं, शास्त्रज्ञांनीही ती याच क्रमाने लावली असणार. तसं काही झालं नाही. तळाचं मडकं, म्हणजे पेशी, सापडून पावणेदोनशे वर्षं कोपऱ्यात पडून होतं, आणि मधलं मडकं, म्हणजे ऊती, त्याच्याकडे न बघताच बसवलं गेलं.

अवयव तर कायमच डोळ्यांसमोर होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने शरीराच्या भागांत एक साधा पण मार्मिक फरक केला होता. मांसाचा तुकडा कापला तर तोही मांसच असतो. हाताचा तुकडा मात्र हात नसतो. म्हणजे काही भाग एकजिनसी, आणि काही त्या एकजिनसी भागांपासून घडलेले. नुसत्या डोळ्यांनी याच्या फार पुढे जाता येत नव्हतं.

1665 साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा एक तुकडा घेतला. चाकूला वस्तऱ्यासारखी धार लावून त्याने अगदी पातळ काप काढला. बूच पांढरट, म्हणून काप काळ्या तबकडीवर ठेवला आणि भिंगाने त्यावर उजेड पाडला. दिसली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. त्याने खण मोजले: इंचाच्या अठराव्या भागात सुमारे 60, म्हणजे इंचाला 1,080. मग गुणाकार करून एका घन इंचात सव्वाशे कोटींच्या वर खण असल्याचं त्याने लिहून टाकलं. या खणांना त्याने दिलेल्या ‘सेल’ या शब्दाचा अर्थ ‘लहान खोली’. हिंदीतल्या ‘कोशिका’त तो अर्थ जवळपास टिकलाय, मराठीने मात्र मांसाच्या गोळ्याचा ‘पेशी’ हा शब्द उचलला. गंमत अशी, की हूकने पाहिल्या त्या खोल्या रिकाम्या होत्या. बूच म्हणजे मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. त्यामुळे ‘सगळे सजीव यांचेच बनलेत’ असं त्याच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

त्यानंतर नऊ वर्षांनी डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून तळ्याच्या पाण्यात वळवळणारे जीव पाहिले. आज आपण त्यांना एकपेशीय म्हणतो. तेव्हा ते अतिशय बारीक प्राणी होते, एवढंच. अगदी 1838 मध्येही एरेनबर्गसारखा नावाजलेला सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ अशा जीवांच्या पोटात अनेक जठरं असल्याचं सांगत होता. अवयवांशिवाय सजीव, ही कल्पनाच पचत नव्हती. त्यातले कित्येक जीव म्हणजे एकच पेशी, हे फोन झीबोल्डने 1845 मध्ये मांडलं.

मधलं मडकं बसवलं ते झाव्हिए बिशा या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने, पॅरिसमध्ये, 1801 साली. त्याचा सूक्ष्मदर्शकावर विश्वासच नव्हता. तो शवविच्छेदन करायचा. अवयवांचे तुकडे उकळून, वाळवून, आम्लात आणि अल्कलीत टाकून त्यांचं काय होतं ते बघायचा. त्याच्या ध्यानात आलं, की जठर आणि मूत्राशय वेगळे असले तरी त्यांची आतली अस्तरं सारखी वागतात, आजारीही सारखीच पडतात. आजार अख्ख्या अवयवाचा नसून त्यातल्या एखाद्या ‘विणीचा’ असू शकतो. अशा 21 विणी त्याने मोजल्या. त्याचा ‘तिस्यू’ हा फ्रेंच शब्द विणकामातून आला. आपला ‘ऊती’ही संस्कृतात विणण्याशीच नातं सांगतो. इतका नेमका पारिभाषिक शब्द क्वचितच मिळतो. पुढच्याच वर्षी, 1802 मध्ये, बिशा जेमतेम तिशीत वारला. त्याच वर्षी लामार्क आणि ट्रेव्हिरानुस यांनी सजीवांच्या एकत्रित अभ्यासासाठी ‘जीवशास्त्र’ या अर्थाचा शब्द स्वतंत्रपणे वापरला.

पेशी आणि ऊती यांची गाठ पडली बर्लिनमध्ये, जेवणाच्या टेबलावर. वनस्पतींवर काम करणारा श्लायडेन पेशीतल्या केंद्रकाबद्दल, म्हणजे तिच्या आतल्या गोलसर गाभ्याबद्दल, बोलत होता. रॉबर्ट ब्राउनने 1831 मध्ये ऑर्किडच्या पेशींत पाहून त्याला नाव दिलं होतं. ऐकता ऐकता थिओडोर श्वानला आठवलं, की प्राण्याच्या पृष्ठरज्जूच्या (भ्रूणाच्या पाठीतल्या आधाराच्या दांड्याच्या) पेशींत आपणही अगदी हेच पाहिलंय. दोघं उठले आणि थेट प्रयोगशाळेत गेले. 1838 मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि 1839 मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल लिहिलं. हाड असो, पीस असो की दात, बिशाच्या सगळ्या विणींचा धागा पेशी हाच निघाला.

मात्र नवी पेशी येते कुठून, याचं दोघांचंही उत्तर चुकलं. द्रवात स्फटिक धरतो तशी ती आपोआप धरते, असं श्वानचं म्हणणं. पाठ्यपुस्तकं या चुकीवरून झरकन पुढे सरकतात, पण सगळ्यात मोठी अडचण हीच होती. रोबेर्ट रेमाकने कोंबडीच्या भ्रूणात रक्तपेशी दुभंगताना पाहिल्या, आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीच्या विभाजनानेच होते हे 1852 मध्ये ठामपणे मांडलं. तो ज्यू होता. प्रशियात पूर्ण प्राध्यापकपद त्याला मिळालं नाही. 1855 मध्ये रुडॉल्फ फिर्खोव्हने ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे लॅटिन वाक्य वापरलं, आणि ते त्याच्याच नावाला चिकटलं.

वरची मडकी त्या मानाने लवकर बसली. 1866 मध्ये हेकेलने परिसराशी सजीवांच्या नात्याच्या अभ्यासाला नाव दिलं. 1935 मध्ये टान्स्लीने परिसंस्थेचा शब्द आणला. वर्गीकरणाची पुनर्मांडणी मात्र चालूच राहिली: लिनिअसच्या वेळचे वनस्पती आणि प्राणी हे दोनच कप्पे, 1969 मध्ये व्हिटेकरच्या पाच सृष्टी, आणि 1977 मध्ये वोस व फॉक्स यांनी जिवाणूंपासून वेगळे काढलेले आर्किया हे एकपेशीय जीव.

खुद्द तळाच्या मडक्यातही आणखी काही निघालं. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिसने (तेव्हाची लिन सेगन) एक लेख छापला; त्याआधी तो पंधराएक नियतकालिकांनी नाकारल्याचं ती सांगे. तिचं म्हणणं असं, की पेशीला ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका ही मुळात स्वतंत्र जिवाणू होती. कधीकाळी दुसऱ्या पेशीत शिरली आणि तिथेच राहिली. पेशीचं एक अंगक, म्हणजे तिच्या आतला एक छोटा भाग, हा एकेकाळी पूर्ण सजीव होता, आणि उतरंडीच्या तळाचा एक तुकडा वरच्या पायरीवरून खाली आलेला निघाला. तंतुकणिकेत आजही तिचा स्वतःचा डीएनए असतो. आपल्या पेशींत तो बहुतेक जिवाणूंसारखाच वर्तुळाकार आहे.