मोठ्या क्रीडा स्पर्धांचं यजमानपद : खर्च आणि फायदा

ऑलिम्पिक, फुटबॉल वर्ल्ड कप, राष्ट्रकुल स्पर्धा भरवणाऱ्या शहराला शेवटी काय मिळतं आणि त्याच्या डोक्यावर काय बसतं, असा हा विषय. खर्चाचे साधारण तीन भाग पडतात: स्पर्धा चालवायचा खर्च, स्टेडियम आणि खेळाडूंच्या राहण्याच्या इमारती, आणि रस्ते-मेट्रो-विमानतळ. पहिला भाग तिकिटं, टीव्हीचे हक्क आणि स्पॉन्सर यातून बऱ्याचदा भरून निघतो, आणि आयोजक "स्पर्धा फायद्यात गेली" म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तेवढ्याच भागाबद्दल बोलत असतात, बाकीचे दोन मुख्यतः सरकारी तिजोरीतून जातात. म्हणून कुठलाही आकडा वाचताना त्यात काय धरलंय हे आधी बघायला हवं.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं, १९७६ च्या ऑलिम्पिकचं. महापौर जाँ द्रापो यांनी साध्या आणि स्वतःचा खर्च स्वतः भागवणाऱ्या ऑलिम्पिकचं आश्वासन दिलं होतं, पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकंच ऑलिम्पिक तोट्यात जाणं अशक्य असं ते म्हणाले होते. मग फ्रेंच वास्तुविशारद रॉजे तायिबेर यांचं अतिशय अवघड डिझाईन आलं, कामगारांचे संप झाले, महागाई वाढली, आणि उद्घाटनाची तारीख तर पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे शेवटी कंत्राटदार मागेल तो भाव द्यावा लागला. १९७५ च्या अखेरीस क्वेबेक प्रांताच्या सरकारने काम स्वतःकडे घेतलं तरी स्टेडियमचा मनोरा स्पर्धेच्या वेळी अर्धवटच होता, तो पुरा झाला १९८७ ला. कर्ज फेडायला सिगारेट-तंबाखूवर खास कर लावला आणि ते फिटलं २००६ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी, ज्यांचा ऑलिम्पिक झालं तेव्हा जन्मही झाला नव्हता अशा लोकांनीसुद्धा त्याचे पैसे भरले. आणि कर्ज फिटलं म्हणून खर्च थांबला असंही नाही, छप्पर वारंवार फाटत राहिलं, बेसबॉलची टीम २००४ नंतर शहर सोडून गेली, आणि २०२४ मध्ये नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर झाले. एक चांगली गोष्टही नोंदवायला हवी: सायकलिंगच्या वेलोड्रोमचं १९९२ मध्ये बायोडोम केलं, म्हणजे प्राणी-वनस्पतींचं म्युझियम, आणि ते लोकप्रिय आहे. (भारतीयांना ही स्पर्धा वेगळ्या कारणाने आठवते, ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर इथेच खेळली गेली आणि आपण सातवे आलो.)

मॉन्ट्रियल बघून बाकीची शहरं घाबरली आणि १९८४ साठी शेवटी एकटं लॉस एंजेलिस उरलं. स्पर्धक नसल्यामुळे त्यांना आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीकडून आपल्या अटी मान्य करून घेता आल्या, तोटा झाला तर शहराच्या करदात्यांवर येणार नाही ही त्यातली मुख्य अट. मुख्य स्टेडियम १९३२ च्या ऑलिम्पिकचंच वापरलं, नवीन बांधकाम फार थोडं, आणि २० कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली, तिचा एक वाटा आजही दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांच्या खेळावर खर्च होतो. माझ्या मते या सगळ्या विषयातली महत्त्वाची गोष्ट इथेच दिसते, फायदा-तोटा मैदानावर ठरत नाही, करारावर सही होते तेव्हाच ठरतो: आधीपासून काय बांधलेलं आहे आणि तूट कोण भरणार.

पर्यटनाचा फायदा सांगतात तेवढा नसतो कारण स्पर्धेला लोक येतात तसे नेहमीचे पर्यटक गर्दी आणि हॉटेलचे वाढलेले दर बघून टाळतात, आणि स्थानिक माणूस तिकिटावर जे पैसे घालतो ते तो एरवी सिनेमा, हॉटेलात घालणारच होता. खरा फायदा होतो तो शहराला नाहीतरी लागणारी कामं एका तारखेच्या धाकाने पुरी होतात तिथे. बार्सिलोनाने १९९२ च्या निमित्ताने रेल्वे आणि कारखान्यांमागे दडलेला समुद्रकिनारा मोकळा केला, रिंग रोड केले, आणि स्पर्धेनंतरही पर्यटक वाढतच गेले.

भारतात २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेबद्दल कॅगच्या २०११ च्या अहवालात १८,५०० कोटींच्या पुढचा आकडा आहे, सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट. मेट्रोचं जाळं वाढलं हे खरंच, पण विमानतळाची मेट्रो लाईन स्पर्धा संपल्यावर २०११ मध्ये सुरू झाली. पुण्यातलं बालेवाडी मला यापेक्षा नीट वापरलेलं वाटतं, संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बांधलं, मग तिथेच २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, नंतर आंतरराष्ट्रीय टेनिस आणि २०२२ च्या महिला आशिया कप फुटबॉलच्या मॅचेसही.

अलीकडे शहरं आधीच नाही म्हणायला लागलीत. हॅम्बुर्गच्या नागरिकांनी २०१५ मध्ये मतदान करून ऑलिम्पिकची बोली थांबवली. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ ची राष्ट्रकुल स्पर्धा घेतली होती, पण अंदाज २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ६०० ते ७०० कोटींवर गेल्याचं सांगून २०२३ मध्ये माघार घेतली, ३८ कोटी भरपाई दिली आणि तरीही ते स्वस्त ठरलं असं सरकारचं म्हणणं होतं. मग ग्लासगोने ती स्पर्धा फक्त दहा खेळांवर आणि आहेत त्याच मैदानांवर बसवली, त्यात हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन, नेमबाजी गेले, म्हणजे खर्च वाचला पण त्याची किंमत या खेळांतल्या आपल्या खेळाडूंनी मोजली. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचं यजमानपद अहमदाबादकडे आहे आणि २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारत प्रयत्न करतोय, त्यामुळे यजमानपदाचा करार, त्यातली तूट भरायची हमी आणि प्रत्येक स्टेडियमचा स्पर्धेनंतरचा वापर हे कागद बांधकाम सुरू व्हायच्या आधी लोकांसमोर यायला हवेत.