तांब्याची गोळी नळी खाते?

सीताबर्डीच्या चहा टपरीवर जुन्या शिकारींचा विषय निघाला, की कुणीतरी ठासून सांगतंच, "शिशाची गोळी मऊ, तांब्याची कडक. रायफलची नळी खाते ती!" थांबा राजेहो.

नेहमीच्या शिकारी गोळीतलं शिसं असतं पोटात. वरचं कवच तांब्याचंच, थोडं जस्त मिसळलेलं. म्हणजे नळीच्या आट्यांना, आतल्या पिळदार खाचांना, आजवर घासत आलंय ते तांबंच, आणि पोलाद त्याहून कितीतरी कडक. नळी झिजते ती मुख्यतः काडतुसातल्या जळत्या दारूच्या उष्णतेनं, तीही काडतुसाच्या लगेच पुढे असलेल्या नळीच्या भागात. आट्यांत तांब्याचा थर साचतो, हे खरं. पण तो साफ करता येतो. बहुतेक त्यालाच लोक झीज समजले असावेत.

खरी भानगड घनतेची आहे. शिसं घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांबं ८.९६. तेवढ्याच वजनाची अख्खी तांब्याची गोळी लांब होते, काडतुसात जास्त जागा खाते, दाब बदलतो. शिशाच्या गोळीचं दारूचं माप तिला जसंच्या तसं लावणं धोक्याचं, ते यामुळे. लांब गोळी स्थिर राहायला आट्यांचा पीळही घट्ट लागतो.

शिकारीच्या मांसात राहिलेल्या शिशाच्या कणांमुळे कॉन्डर गिधाडं मरत होती, म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं पूर्ण बंद आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद, आणि परवान्याशिवाय घरी काडतुसं भरणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा.