पाठांतर म्हणजे सराव नव्हे

"वीस वेळा सराव केला होता, तरी माइकसमोर गेल्यावर काहीच आठवेना." असं कोणी म्हणालं की विचारावं, वीस वेळा नेमकं काय केलं? बहुतेकांनी लिहिलेलं भाषण वाचलेलं असतं, पुन्हा वाचलेलं असतं आणि मग न बघता म्हणून पाहिलेलं असतं. हे पाठांतर झालं. सरावाला अजून हातही लागलेला नाही.

पाठांतर कसं करतात ते सांगायची गरज नाही, शाळेने ते पुरेसं शिकवलंय. कागद जवळ ठेवावा का, हा प्रश्नही किरकोळ आहे. ठेवा.

घोळ होतो तो वेगळ्याच जागी. पाठ केलेलं प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या शेपटाला बांधलेलं असतं, पाढ्यासारखं. 'सतरा साते किती' असं मध्येच विचारलं तर कित्येकांना सतरा एकेपासून सुरुवात करावी लागते. मंचावर ती सोय नाही. छाती धडधडत असताना डोकं आधीच अर्धं गुंतलेलं असतं. त्यात एखादा 'परंतु' निसटला की पुढची सगळी साखळी खळकन सुटते. मग पुढच्या वेळी माणूस आणखी घट्ट पाठ करतो, आणि शब्द चुकण्याची धास्ती तेवढीच वाढते.

सरावात मुद्दे पक्के असतात, शब्द मोकळे. पाच मिनिटांच्या भाषणाला तीन मुद्दे पुरतात. प्रत्येकाचे तीन-चार शब्द एका कार्डावर लिहा. समजा, 'गळका नळ, रात्रभर बादली' एवढंच लिहिलंय. पहिल्या फेरीत तुम्ही म्हणाल, "एक गळका नळ रात्रभरात बादली भरतो." दुसऱ्या फेरीत, "झोपताना नळाखाली बादली ठेवा, सकाळी बघा." मुद्दा तोच, वाक्यं वेगळी. दोन फेऱ्यांत वाक्यं जशीच्या तशी आली, तर तुम्ही पुन्हा पाठांतराकडे घसरलात.

फेऱ्या उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून करायच्या. मनातल्या मनात बोलताना जीभ अडखळत नाही, म्हणून ती फेरी धरू नका. तिसरी फेरी शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करा. चौथीत वाक्याच्या मध्येच मुद्दाम थांबा, तीन सेकंद गप्प राहा, कार्ड बघा आणि पुढे चला. ही फेरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि अडल्यावर सावरायचं कसं ते हीच शिकवते. पाचवी एखाद्या माणसासमोर.

पाठ करायचंच तर पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, नावं आणि आकडे करा. धडधड सहसा सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते, तेव्हा तयार वाक्य हाताशी लागतं.

आणि तो आरशासमोर सराव करायचा सल्ला कृपा करून बंद करा. आरशासमोर माणूस मुद्दा सोडून स्वतःचा चेहरा तपासत बसतो. त्यापेक्षा फोनवर आवाज रेकॉर्ड करून ऐका.

घबराट सगळ्यांना दिसतेय, असं बोलणाऱ्याला वाटतं. सवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत श्रोत्यांना ती वक्त्यांच्या अंदाजापेक्षा कमी जाणवली; ज्या वक्त्यांना हे बोलण्याआधीच सांगितलं होतं, त्यांची भाषणंही सरस ठरली. तेव्हा अडलात तर "सॉरी, विसरलो" म्हणू नका. शेवटचं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, तेवढ्यात कार्डाकडे नजर टाका. तरीही मुद्दा सापडला नाही, तर सरळ पुढचा घ्या.