जुन्या अमेरिकन मोटारींची पुनर्बांधणी

जुन्या अमेरिकन मोटारींची पुनर्बांधणी : बंद पडलेली किंवा गंजलेली जुनी अमेरिकन मोटार सुटी करून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा आणि मग ती चालती ठेवण्याचा छंद. याला सर्रास ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. श्रीमंतांच्या संग्रहातल्या गाड्या पगारी कारागीर घडवतात, पण छंदाचा खरा पसारा घराला लागून असलेल्या गॅरेजांत आहे. तिथे शनिवार-रविवारी काम चालते आणि एकेक गाडी पाच-दहा वर्षे लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. कित्येक गाड्या अर्धवट अवस्थेतच दुसऱ्याला विकल्या जातात, सोबत नट-बोल्टांचे डबे आणि कोणता बोल्ट कुठला याचे काहीच टिपण नाही. म्हणून अनुभवी लोक सांगतात, पाना हातात घेण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावा.

विंटेज, अँटिक, क्लासिक हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. संस्थांच्या व्याख्या मात्र काटेकोर आहेत. १९३५ मध्ये स्थापन झालेला ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ २५ वर्षे पूर्ण झालेली गाडी अँटिक धरतो. ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’च्या लेखी क्लासिक म्हणजे १९१५ ते १९४८ मधल्या निवडक उंची गाड्या, उदाहरणार्थ ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड. त्या मापाने १९५७ ची शेवरोले बेल एअर क्लासिक ठरत नाही, मग तिच्या मागच्या, माशाच्या परांसारख्या पंखांवर अख्खा देश का फिदा असेना.

या गाड्या छंदाला सोयीच्या पडतात त्या प्रचंड उत्पादनामुळे. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघाली. १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आलेल्या फोर्डच्याच मस्टँगची विक्रीही लाखांत गेली. त्यामुळे भंगारात सुटे भाग मिळतात, आणि मागणी असल्याने नवे भागही तयार होतात. टेनेसीतील कोकर टायर ही कंपनी जुन्या नक्षीचे टायर नव्याने बनवते. पहिल्या पिढीच्या मस्टँगचा तर अख्खा सांगाडा नवा विकत मिळतो. मग जुनी गाडी म्हणजे नेमके काय उरले? व्यवहारात उत्तर ओळख क्रमांकाची पट्टी देते. इंजिनावर ठोकलेला क्रमांक किंवा संकेत गाडीशी जुळला की किंमत चढते. १७ अक्षर-अंकांचा प्रमाणित क्रमांक १९८१ पासून आला. त्याआधी प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, आणि त्या धुक्यात खोटे आकडे ठोकणाऱ्यांचेही फावते.

इंजिनापेक्षा पत्रा जास्त छळतो. उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडीला खालून खाते. म्हणून ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत राहिलेल्या गाडीला जास्त भाव येतो. मुरलेला गिऱ्हाईक गाडी पाहायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवतो. पत्र्याला तो चिकटतो आणि रंगाखाली पुट्टीचा जाड थर असेल तिथून सुटून पडतो.

मस्टँगचा एक आजार तर प्रसिद्धच आहे. १९६५ ते १९६८ च्या गाड्यांत पुढच्या काचेखाली हवेसाठी जाळीदार फटी आहेत. त्यांतून पावसाचे पाणी आतल्या बंद पोकळीत पडते आणि दोन्ही बाजूंनी निघून जाते. निदान जावे अशी योजना होती. पोकळीच्या तळाशी हवेच्या भोकाभोवती पत्र्याची उंच कड उभी असते, म्हणजे पाणी आत गाडीत उतरू नये. झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत पाने साचतात, कुजतात, ओली राहतात आणि ती कड गंजून जाते. मग पाणी थेट पायाशी, गालिच्याखाली, आणि काही वर्षांनी तळाचा पत्राही गेला. तपासायचे तर फटींवर तांब्याभर पाणी ओतावे आणि डॅशबोर्डखाली डोके घालून पाहावे. दुरुस्ती करायची झाली तर वेल्डिंगचे डझनावारी ठिपके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात. इंजिन उतरवणे त्यापुढे सोपे वाटते.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे इंजिन जाम झालेले असते. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटतात. अशा वेळी स्टार्टर मारणे हा गुन्हाच. स्पार्क प्लग काढून भोकांतून गंज सोडवणारे तेल, किंवा स्वयंचलित गिअरबॉक्सचे पातळ तेल आणि ॲसिटोन यांचे मिश्रण, ओततात आणि थांबतात. दोन दिवस, आठवडा, कधी महिना. मग लांब पान्याने क्रँक, म्हणजे पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा, हलके पुढेमागे डुलवायचा. तो केसभर हलला की त्या संध्याकाळी आणखी काही करू नये.

मॉडेल टी चालती ठेवण्याचा भाग वेगळाच, कारण ती चालवायलाच नव्याने शिकावी लागते. तिला तीन पायपट्ट्या आहेत, पण ॲक्सिलरेटर त्यांत नाही. तो स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीत. डावी पट्टी पूर्ण दाबली की हळू गिअर, सोडली की वेगाचा. मधली दाबली की गाडी मागे जाते. ब्रेक उजवीकडे. स्टार्टर नसलेल्या गाडीला पुढून हँडल मारताना ठिणगी कधी पडावी हे ठरवणारी डावी दांडी वर, म्हणजे उशिराच्या बाजूला, ठेवलीच पाहिजे. अंगठा हँडलभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. नाहीतर इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडते.

ब्रेकबाबत भावना बाजूला ठेवलेली बरी. १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांचा हायड्रॉलिक ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पायाचा दाब ब्रेकच्या तेलात उतरवणाऱ्या भागावर, असे. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक गेले. गाडी रोज चालवायची असेल तर दुहेरी सिलिंडर बसवणाऱ्याला शुद्धतावाद्यांनी नावे ठेवू नयेत. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ती धूळ फुंकून उडवू नये. इंधनाचेही तसेच. शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी १९९६ पासून बंद आहे, आणि व्हॉल्व्हच्या बैठकांची झीज ते शिसेच रोखत असे, म्हणून इंजिन उघडलेच आहे तर या बैठका कठीण पोलादाच्या घालून घेतात. पेट्रोलमधले इथेनॉल जुने रबरी पाइप मऊ करते.

स्पर्धांनी या छंदाला दर्जा दिला आणि एक खोडही लावली. पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथे दर ऑक्टोबरला भरणारा अँटिक क्लबचा मेळावा जुन्या भागांच्या बाजारासाठी ख्यातनाम आहे. क्लबचे परीक्षक ४०० गुणांपासून सुरुवात करून चुकांचे गुण वजा करतात. गुण राखण्याच्या नादात गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहून झळझळीत होऊ लागल्या. १९५० च्या दशकातला कारखान्याचा रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असे, दारांच्या फटी कमीजास्त असत. आजच्या चकचकीत रंगात त्याचा मागमूस राहत नाही. म्हणून मूळ रंग आणि मूळ गादीकाम टिकवलेल्या गाड्यांसाठी क्लबने स्वतंत्र वर्ग ठेवला. प्रस्तुत लेखकाच्या मते विटका पण मूळ रंग हा पुरावा आहे, आणि पुरावा घासून काढण्याची घाई नसावी. कॅन्ससमधील मॅकफर्सन कॉलेजात या विषयाची चार वर्षांची पदवीही मिळते.

क्यूबातल्या जुन्या शेवरोले छायाचित्रांत देखण्या दिसतात, पण तो छंद नव्हे. अमेरिकेशी व्यापार तुटल्यावर त्या गाड्यांनी सोव्हिएत बनावटीची इंजिने लावून पोटापाण्याचा धंदा केला.

मुंबईचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला मोटारजुळणी सुरू केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायसलरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो बांधल्या. या गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे यांत्रिक भाग अमेरिकेच्या कॅटलॉगमधून मागवता आले, तरी डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगचे सामान तिथून येणारे बसत नाही. ते चोरबाजारात धुंडाळायचे, नाहीतर लेथवर करून घ्यायचे.

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांसाठीच आणता येते. पण नुसत्या उभ्या गाडीचे ब्रेक अडकतात, कार्बुरेटर चिकटतो, टायर एका बाजूने चपटे होतात. सुदैवाने परवानगीच्या यादीत पेट्रोल भरायला जाणेही आहे. पंप किती लांबचा असावा, हे नियमात लिहिलेले नाही.