जुन्या मोटारीतील फ्यूज : शोध व ओळख

जुन्या मोटारीत फ्यूज कुठे बसवला आहे, तो कोणत्या वायरीवर आहे आणि किती अँपिअरचा आहे, हे शोधून काढण्याचे काम. आजच्या गाडीत फ्यूजपेटीच्या झाकणावर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत तक्ता असतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या गाडीत झाकण बहुधा हरवलेले असते आणि आतून कितीतरी वायरमनांचे हात फिरलेले असतात. अशा वेळी वायरीचा मूळ रंगच सर्वांत भरवशाचा.

ल्युकास कंपनीची विद्युत सामग्री असलेल्या ब्रिटिश गाड्यांत (मॉरिस, ऑस्टिन, एमजी) पेटी बोनेटखाली असते आणि तीत अवघे दोन फ्यूज असतात. शेजारी दोन जादा खोचलेले. पहिल्याच्या टोकांना ए१ व ए२ अशी खूण असते. तपकिरी वायर बॅटरीकडून येते, जांभळी हॉर्न व आतल्या दिव्याकडे जाते; किल्ली बंद असली तरी इथे वीज असते. दुसरा ए३-ए४ : किल्ली फिरवल्यावर पांढऱ्या वायरीत वीज येते आणि हिरव्या वायरीतून वायपर, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर व पेट्रोलचा काटा चालतो. म्हणजे हे सगळे एकदम बंद पडले, तर आधी ए३-ए४ पाहावा. हेडलाइटला मात्र यांतल्या बहुतेक गाड्यांत फ्यूजच नसतो. तो पेटीत शोधण्यात वेळ घालवू नये.

या फ्यूजच्या काचेच्या नळीत रंगीत कागदाची चिठ्ठी असते, तिच्यावर '३५' छापलेले दिसते. इथेच मोठी चूक होते. ल्युकासचा हा आकडा फ्यूज ज्या प्रवाहाला उडतो त्याचा आहे. सतत वाहण्याची मर्यादा त्याच्या निम्मी, सुमारे १७ अँपिअर. अमेरिकी पद्धतीत छापलेला आकडा सतत प्रवाहाच्या क्षमतेचा असतो. त्यामुळे तसा ३५चा फ्यूज इथे बसवला तर दोष आल्यावर तो शाबूत राहतो आणि वायर जळते. चांदीचा कागद गुंडाळून काम भागवण्याची सवय तर त्याहून घातक.

उडालेला फ्यूज नीट निरखावा. काच काळी किंवा चकचकीत झाली असेल तर थेट शॉर्ट झाला आहे. काच स्वच्छ आणि तार मधेच वितळलेली असेल तर भार हळूहळू वाढत गेला होता. कधी तार नळीच्या टोकाच्या धातूच्या टोपीत तुटते आणि बाहेरून सारे ठीक दिसते. म्हणून टेस्ट लॅम्पचे (दोन वायरी जोडलेल्या तपासणीच्या छोट्या दिव्याचे) एक टोक बॉडीच्या उघड्या धातूला लावावे, किल्ली चालू करावी आणि दुसऱ्या टोकाने फ्यूजच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. एकाच बाजूला दिवा लागला तर फ्यूज गेला आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे; तिथे मीटर उलटे चिन्ह दाखवतो, टेस्ट लॅम्पला फरक पडत नाही.

युरोपीय गाड्यांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन बीटलमध्ये, पेटी डॅशबोर्डखाली असते आणि फ्यूज टोकदार, उघड्या पट्टीचे असतात : पांढरा ८, लाल १६ अँपिअर. लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने १९७६ साली आणलेल्या चपट्या पात्याच्या फ्यूजमध्ये मात्र लाल म्हणजे १०, निळा १५, पिवळा २०. दोन्हींचे रंग एकमेकांशी जुळवू नयेत. टोकदार फ्यूज धरून ठेवणाऱ्या चिमट्यावर हिरवट गंज चढतो आणि फ्यूज चांगला असूनही गाडीचा दिवा मंद जळतो. फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवला की पुष्कळदा प्रकाश परत येतो, पण चिमटा घासून स्वच्छ करावाच लागतो.