पावाचा वाडगा, तिसऱ्यांचं सार आणि कोकणातली दमट हवा

सॅन फ्रान्सिस्कोच्या फिशरमन्स वॉर्फवर आंबट चवीचा गोल पाव वरून कापून, आतला मऊ गाभा काढून त्यात क्लॅम चाउडर ओतून देतात. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांचेच भाऊबंद आणि चाउडर म्हणजे दूध-बटाटा घातलेलं दाट सूप. त्याचा फोटो बघितला की मालवण-वेंगुर्ल्याकडच्या माणसाच्या डोक्यात पहिलं हेच येणार की तिसऱ्या आहेत, नारळाचं दूध आहे, पाव तेवढा राहिला. दुसरं काय येणार ते माझ्या मावशीने बोलूनच दाखवलं, "पावाचो वाडगो? आणि सार गळलां तर?" शंका एकदम रास्त आहे, आणि तिचं उत्तर रेसिपीत शोधून फार काही हाती लागत नाही, कारण विषय पाण्याचा आहे. पाणी पावात कुठून शिरतं, किती वेगाने शिरतं आणि त्याला अडवतं कोण, एवढं कळलं की वाडगा जमतो.

आधी पाव आंबतो कसा ते थोडक्यात. पीठ आणि पाणी कालवून ठेवलं, रोज थोडं काढून नवीन पीठ-पाणी घालत राहिलं की आठवड्याभरात त्यात रानटी यीस्ट आणि लॅक्टिक बॅक्टेरिया यांचा संसार थाटतो. त्यालाच स्टार्टर म्हणतात, सावरडोचं, म्हणजे अशा आंबवलेल्या पावाचं, विरजण म्हणा हवं तर. बॅक्टेरिया संख्येने यीस्टच्या साधारण शंभर पट असतात. पिठातलं अमायलेज एन्झाइम स्टार्च तोडून माल्टोज साखर बनवतं आणि मग गंमत सुरू होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पावातला बॅक्टेरिया १९७१ साली क्लाइन आणि सुगिहारा या शास्त्रज्ञांनी ओळखला, त्याला नावही त्या शहराचंच पडलं, सॅनफ्रान्सिस्केन्सिस. त्याला माल्टोज लागते आणि त्याच्या शेजारी राहणाऱ्या यीस्टला माल्टोज पचतच नाही, ते दुसऱ्या साखरांवर जगतं, म्हणजे ताटावरून भांडणच नाही. तिथल्या धुक्यामुळेच असा पाव होतो असं लोक कौतुकाने सांगतात पण हाच बॅक्टेरिया पुढे युरोपातल्या कितीतरी स्टार्टरमध्ये सापडला, तेव्हा धुक्याचं श्रेय जरा कमी करायला हरकत नाही.

हवामानाचा फरक पडतो तो वेगात. तिकडे उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागतो, आपल्याकडे मे महिन्यात किचनमध्ये सहज ३२ डिग्री असतात. इंग्रजी रेसिपीत "रात्रभर बाहेर ठेवा" लिहिलेलं असतं ते रत्नागिरीत केलंत तर सकाळी पिठाऐवजी आंबट खळ मिळेल. आम्ल वाढलं की पिठातलीच प्रोटीन तोडणारी एन्झाइम जोरात कामाला लागतात, ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रोटीनची) जाळी सैल पडते आणि गोळा ताटलीसारखा पसरतो. पसरट पावाचा वाडगा होत नाही, बशी होते. त्यामुळे इकडे स्टार्टर कमी घालायचा आणि वेळही कमी द्यायचा. ५०० ग्रॅम पीठ (४०० मैदा, १०० कणीक), ३०० ग्रॅम पाणी, ७५ ग्रॅम स्टार्टर आणि १० ग्रॅम मीठ, यात एका माणसाला पुरतील असे तीन वाडगे होतात, आणि गरमीत चार-पाच तासात पीठ फुगून तयार होतं. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा, दीडपट झालं की बास. कणीक जास्त घालू नका, चक्कीच्या दळणात स्टार्चचे बरेच कण फुटलेले असतात, ते पाणी जास्त ओढतात आणि त्यांच्यावर अमायलेजही पटकन चालतं, गोळा चिकट होत जातो.

पिठाच्या वजनाच्या मानाने पाणी ६० टक्के बघून सावरडोवाले नाक मुरडतील. हल्ली फोटोत मोठमोठ्या भोकांचा जाळीदार पाव दाखवायची फॅशन आहे, त्यासाठी पाणी ७५-८० टक्क्यांपर्यंत नेतात. दिसतो झकास, खायलाही मस्त, पण सूप घालायला अगदी बिनकामाचा, आणि इथेच मावशीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

पावाच्या आत बारीक बारीक जोडलेली छिद्रं असतात, ती केशनळ्यांसारखी पाणी ओढतात. अशा नळ्यांमध्ये द्रव किती आत शिरतो याचं गणित लुकास या शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये आणि वॉशबर्न या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडलं. त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या. एक म्हणजे भिजण्याची खोली वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, पहिल्या पाच मिनिटात समजा ४ मिलिमीटर भिजलं तर ८ मिलिमीटर व्हायला वीस मिनिटं लागतात, म्हणजे भिंत दुप्पट जाड ठेवली की वेळ चौपट मिळतो. दोन सेंटिमीटरची भिंत ठेवा असं सांगतात त्यामागे हेच आहे. दुसरं, छिद्र जितकं मोठं तितका द्रव झपाट्याने पुढे सरकतो, म्हणून घट्ट बारीक जाळीचा पाव हवा, आणि म्हणून पाणी कमी. तिसरं, द्रव जितका दाट तितका हळू शिरतो, चौपट दाट सूप तेवढ्याच वेळात निम्मंच आत जातं. आता पाव काही काचेची नळी नाही, तो भिजताना फुगतो, मऊ पडतो, छिद्रं बदलतात, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळणार नाहीत पण कल पक्का आहे.

गोळा वळताना पृष्ठभाग चांगला ताणून घट्ट वळायचा. मग तो ठेवायला परदेशी वेताची टोपली मागवायची काही गरज नाही, घरात तांदूळ धुवायची रोवळी असते ती कोरडी करून, आत फडकं घालून वर तांदळाचं पीठ भुरभुरवा. तांदळात ग्लूटेन नाही त्यामुळे ते ओल्या पिठाशी एकजीव होत नाही, गोळा सुटून येतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला तर वर कापा मारायला सोपं जातं, पावसात लाईट असेल तर.

भाजताना ओटीजी २३० डिग्रीला. पहिली पंधरा मिनिटं गोळ्यावर जाड पातेलं उपडं झाकून ठेवा, पिठातलीच वाफ आत कोंडते, वरचा थर ओला राहतो आणि पाव मोकळेपणी फुगतो. यीस्ट ५५-६० डिग्रीला मरतं, ६० च्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पावाचा सांगाडा तयार होतो. मग पातेलं काढायचं आणि पुढची पंचवीस मिनिटं कोरड्या आचेवर. वरचा थर सुकतो, १४० च्या वर गेला की प्रोटीन आणि साखरेची मेलार्ड अभिक्रिया जोरात होऊन तो तांबूस, खमंग होतो. वाडग्यासाठी नेहमीपेक्षा गडद भाजा, फिकट पाव बाहेर काढू नका. आपला उंडा बघा ना, गोव्याच्या पदेराकडचा (पाववाल्याकडचा) गोल पाव, साल कडक म्हणून तर तो रश्श्यात बुडवला तरी हातात राहतो.

पण भाजून बाहेर काढल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ताज्या कवचात पाणी अगदी कमी असतं आणि अशा कोरड्या स्टार्च-प्रोटीनची अवस्था शास्त्रीय भाषेत काचेसारखी असते, रेणू जागच्या जागी थिजलेले, म्हणून दाबलं की ते कुरकुरत तुटतं. पाणी साधारण १०-१२ टक्क्यांच्या पुढे गेलं की रेणू हलायला लागतात आणि तोच थर चिवट रबरासारखा होतो, जुलैत डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखा. हे पाणी दोन्हीकडून येतं. आतल्या गाभ्यात ४० टक्क्यांच्या वर पाणी असतं ते बाहेर झिरपतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर हवेची आर्द्रताच ८५-९० टक्क्यांच्या आसपास, ती बाहेरून घुसते. म्हणजे सार ओतायच्या आधीच वाडगा अर्धा हरलेला असतो. म्हणून पाव पूर्ण गार होऊ दे (गरम असताना गाभा कोरला तर लगदा निघतो), गाभा काढून टाका म्हणजे आतलं पाण्याचं कोठारच जातं, आणि वाढायच्या अगदी आधी रिकामा वाडगा १८० डिग्रीला दहा मिनिटं परत भाजा. कवच पुन्हा काचेच्या अवस्थेत येतं, आणि आतल्या बाजूलाही एक नवीन कोरडा थर तयार होतो.

याच भाजण्यात अस्तरही लावून घ्यायचं. खोबरेल किंवा तूप फासलं तर पाणी पृष्ठभागाला नीट चिकटत नाही आणि छिद्रांची ओढ कमी होते, पण गरम सार पडलं की तेल सुटून वर तरंगतं. माझं मत अंड्याच्या पांढऱ्याला. ब्रशने पातळ थर लावला की ६० च्या वर ते घट्ट व्हायला लागतं, ओव्हनमध्ये पूर्ण थिजतं आणि छिद्रं बुजतात. अंडं चालत नसेल तर मैद्याची पातळ पेज लावून भाजा, थोडं कमी टिकतं पण काम होतं.

शिळा पाव वापरला तर? खुशाल वापरा. पाव शिळा होतो तो वाळल्यामुळे असं आपल्याला वाटतं पण बूसॅंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं की पाणी अजिबात न गमावताही पाव शिळा होतो. स्टार्चचे रेणू परत शिस्तीत रचले जातात, गाभा घट्ट होतो, आणि तो घट्टपणा वाडग्याला उपयोगीच पडतो. मध्ययुगात युरोपात मुद्दाम शिळ्या पावाचे जाड काप ताट म्हणून वापरायचे. फक्त फ्रीजच्या थंडीत ही रचना सगळ्यात भराभर होते, तेव्हा खायचा पाव तिथे ठेवू नका. आणि आंबट पाव दमट हवेतही साध्या पावापेक्षा उशिरा बुरशी धरतो, कारण त्यातलं ॲसेटिक आम्ल बुरशीच्या पेशीत शिरून तिची वाढ रोखतं.

आता ओतायचं काय. सोलकढी नको, पाण्यासारखी पातळ आहे. तिसऱ्यांचं सार करा पण नारळाचं दूध दाट घ्या आणि उकळतं ओतू नका, गरम द्रव पातळ असतो आणि ६० च्या वर शिळ्या स्टार्चची ती रचनाही वितळते, दोन्ही बाजूंनी तोटा. पाच मिनिटं थांबा. माझ्या मते सगळ्यात भारी जमते ती कुळथाची पिठी, स्टार्च आणि प्रोटीनने आधीच दाट झालेली, भिंतीत शिरायला नाखूष. आणि कोरून काढलेला गाभा फेकू नका, तव्यावर कडक भाजून चुरा करा आणि त्यातला मूठभर तिसऱ्यांच्या साराला उकळी येताना घाला, चुऱ्यातला स्टार्च पाणी धरून सार दाट करतो आणि वाडग्याला आणखी काही मिनिटं मिळतात.