झुरळ श्वास घेत नाही? एक खुलासा

ठाण्यात पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर हमखास फिरतो: झुरळाला नाक नाही, फुप्फुसं नाहीत, ते श्वासच घेत नाही, म्हणून डोकं तुटलं तरी जगतं.

यातलं निम्मं खरं आहे, म्हणूनच ते सहज पटतं. नाक-फुप्फुसं खरंच नसतात. पण श्वास असतोच. झुरळाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात. तिथून बारीक होत जाणाऱ्या नळ्या हवा थेट पेशींपर्यंत पोचवतात. हवा डोक्यातून जातच नाही, त्यामुळे डोकं तुटलं तरी झुरळ लगेच गुदमरत नाही.

या नळ्या घडतात कशा, हे तर फारच सुंदर आहे. अशाच नळ्या फळमाशीत, म्हणजे पिकल्या फळांवर घोंगावणाऱ्या चिलटातही असतात. तिच्या गर्भात पेशींचे पुंजके आत वळून पिशव्या होतात. पुढे नव्या पेशी बनत नाहीत, आहेत त्याच जागा बदलतात. शेजारी-शेजारी असलेल्या पेशी सरकून एकामागे एक लागतात आणि नळी लांब, अरुंद होते. पाठीतल्या जाड नळीत मात्र ‘स्पाल्ट’ नावाचं जनुक ही सरकासरकी रोखतं, म्हणून ती रुंद राहते.

स्वतः बघायचंय? जांभळी नाक्यावरून आणलेलं एखादं केळं काळं पडेपर्यंत उघडं ठेवा. चिलटं बसतील, काही दिवसांत अळ्या होतील. एक अळी काळ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहा. पाठीतून आरपार दोन चंदेरी रेषा दिसतील. त्याच या नळ्या; आतल्या हवेमुळे त्या चमकतात.